घरात सायकलचे फोटो: एक चाक मोठं, एक लहान का येतं?

खडखड

स्टील फ्रेमची गिअरची सायकल आहे, गडद निळा चकचकीत रंग, व्ही-ब्रेक, स्टँड नाही. विकायला टाकायची आहे, त्यामुळे फोटो बरे हवेत. हॉल 10 बाय 13 फूट. खिडकी एकच, तीही 13 फुटांच्या भिंतीत. फोनला 0.5 आणि 1 अशा दोन लेन्स, ट्रायपॉड नाही. खर्च हजाराच्या आत बसवायचा आहे.

अडचणी अशा: पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं आणि अंड्यासारखं येतं. रंगावर खिडकीचा पांढरा डाग पडतो आणि बाकी फ्रेम काळी दिसते. भिंतीला टेकवली की मागे गडद सावली, मोकळी उभी करावी तर पडते. पार्किंगमध्ये काढू का?

उतारावरून

पार्किंग नको. तिथे मागे स्कूटर, पाण्याचे पाइप आणि मीटरबॉक्स येतात, शिवाय एका बाजूने ऊन नि दुसऱ्या बाजूने ट्यूब. हॉल पुरेसा आहे.

आधी चाकाचं बघू. चाक म्हणजे सपाट वर्तुळ. ते फोनच्या पाठीला समांतर असेल तर फोटोत वर्तुळच येतं, लेन्स कोणतीही असो. फोन किंचित तिरका झाला की अंडं होतं, आणि जितके जवळ तितकी चूक मोठी दिसते. पुढच्या चाकाचा एक्सल (मधला आस) मागच्यापेक्षा 5 सेंमी जवळ असेल, तर दीड मीटरवरून पुढचं चाक साधारण साडेतीन टक्के मोठं येतं. तीच चूक 4 मीटरवरून सव्वा टक्का, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. हँडलची गत आणखी वाईट. 60 सेंमी रुंद हँडलचं तुमच्याकडचं टोक दीड मीटरवरून पलीकडच्या टोकाच्या दीडपट दिसतं. 4 मीटरवर हा फरक सव्वापटीच्याही आत येतो.

म्हणून 0.5 लेन्स विसरा. तिच्यात सगळी सायकल अगदी जवळूनही बसते, म्हणून तुम्ही जवळ जाता, आणि तिथेच सगळं बिघडतं. सायकल 10 फुटांच्या भिंतीसमोर, भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवा आणि तुम्ही समोरच्या भिंतीला पाठ लावा. पावणेतीन-तीन मीटर मिळतात. समोर दार असेल तर पॅसेजमध्ये जा, आणखी मीटर मिळेल. 1 च्या लेन्सने तीन मीटरवरून साधारण 4 मीटर रुंदीचं दृश्य येतं आणि सायकल आहे पावणेदोन मीटरची, म्हणजे बाजूला खूप रिकामं दिसेल. दिसू दे, नंतर कापा. कापल्याने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं नि लांबचं लहान दिसणं, बदलत नाही, ते फक्त अंतरावर ठरतं.

फोनची उंची 55 ते 60 सेंमी. प्लॅस्टिकच्या स्टुलावर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवली की तेवढी होते. फोन उभा राहावा म्हणून दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावा आणि मागे डबा. छाती-डोळ्याच्या उंचीवरून फोन खाली झुकवून काढलेल्या फोटोत सायकल वरून दिसते आणि चाकं खाली निमुळती होतात. ग्रिड चालू ठेवा, टायमर 3 सेकंद.

समांतर आहे का हे नजरेने ठरवू नका. सुतळी घ्या, फोनपासून पुढच्या एक्सलपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा, मग तीच मागच्या एक्सलला लावून बघा. दोन्हीकडे सारखी भरेपर्यंत सायकल सरकवा. स्टूल मात्र दोन एक्सलच्या बरोबर मध्यासमोर हवं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ऐंशी टक्के फोटो इथेच सुधारतो.

फ्रीव्हील

उभी करायचं मी सांगतो. झाडूचा जुना दांडा घ्या, 29-30 सेंमी कापा. वरच्या टोकाला कानशीने इंग्रजी व्ही सारखी खाच करा, खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्याने ठोका, म्हणजे फरशीवर सरकणार नाही.

फोटो चेनच्या बाजूने काढायचा, म्हणजे उजव्या. उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, पुढे, आडवा. त्यामुळे डावा क्रँक आपोआप मागे आडवा येतो. मागचा ब्रेक रबरबँडने गच्च बांधा. आता सायकल डावीकडे एखादा अंश कलती करून दांड्याची खाच डाव्या पायडलच्या एक्सलखाली लावा, पायडल आणि क्रँक यांच्या मधल्या उघड्या जागेत. पायडलच्या फळीखाली लावू नका, ती गोल फिरते आणि सायकल आडवी होते.

डावा क्रँक मागेच का? मागे असलेल्या क्रँकला खालून रेटा दिला की तो पायडल मारण्याच्या दिशेने फिरू बघतो. त्या दिशेला फ्रीव्हील (मागच्या चाकातली एकाच दिशेला पकडणारी चकती) पकडतं, चाक ब्रेकने अडलेलं असतं, म्हणून सगळं घट्ट बसतं. डावा क्रँक पुढे ठेवून दांडा लावलात तर क्रँक उलटा सुटतो. बहुतेकांची सायकल इथेच पडते.

पुढचं चाक वळू नये म्हणून टायरच्या दोन्ही बाजूंना खोडरबराचा अर्धा-अर्धा तुकडा सारा. दांड्याचा वरचा भाग मागच्या चाकाआड जातो, खालचा दहा-बारा सेंमी तेवढा दिसतो. त्याला मागच्या कापडाच्या रंगाचा कागद गुंडाळा, नाहीतर स्नॅपसीडमधल्या हीलिंगने पुसा.

पंख्याच्या हुकाला मासेमारीची तार बांधून सायकल लटकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तार दिसत नाही हे खरं, पण सायकल झुलते आणि प्रत्येक फोटोआधी थांबत बसावं लागतं.

एवढं झालं की दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह खाली, बरोबर सहाच्या काट्यावर आणा. चेन मागे मधल्या चकतीवर. बाटली, कुलूप, घंटा, रिफ्लेक्टर काढून ठेवा.

दिवाबत्ती

वरच्या दोघांशी सहमत, पण खरा प्रश्न उजेडाचा आहे. गोल चकचकीत नळी म्हणजे लांबट आरसा. तिच्यात दिव्याचा आकार दिसतो, तिचा रंग त्यानंतर. बल्ब लावलात तर ठिपका दिसेल, उघडी खिडकी असेल तर चौकोनी डाग. लांब पट्टीसारखा दिवा नळीला समांतर धरलात तर टोकापासून टोकापर्यंत एक बारीक पांढरी रेघ येते. त्या रेघेनेच नळी गोल आहे हे कळतं. गडद रंगात तर ही रेघ नसेल तर फ्रेम कापलेल्या कागदासारखी सपाट दिसते.

दोन एलईडी बॅटन घ्या, 4 फुटी, 20 वॅट, पांढरा उजेड. दोन मिळून पाचशे-सहाशेत बसावं. एक सायकलच्या वर साठ-सत्तर सेंमीवर, आडव्या दांड्याला समांतर आणि वीतभर फोनच्या बाजूला. कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलं तरी चालतं. दुसरं पुढच्या चाकाच्या बाजूला, तिरपं 45 अंशावर, जमिनीवर उभं करून खुर्चीला बांधा. सीटची नळी आणि हँडलखालची नळी उभ्या असतात, त्यांची रेघ या दुसऱ्या दिव्याने उजळते. मागच्या चाकाच्या बाजूला टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल उभा करा, उजेड परतून येतो आणि चेन काळी पडत नाही.

खिडकीवर पांढरी चादर ताणा, डाग जातो. घरातले पिवळे बल्ब बंद. पांढरं बॅटन आणि दिवसाचा उजेड एकत्र खपून जातात, पण पिवळा मिसळला की निळी फ्रेम एका बाजूला मळकट दिसते.

मागे मांजरपाट लावा, इस्त्री करून. पन्हा कमी भरतो, म्हणून जोड पडेल. तो आडवा घ्या आणि चाकाच्या एक्सलच्या खाली येऊ द्या. शुभ्र पांढरा नको. फोन पांढरा बघून उजेड कमी करतो आणि सायकल आणखी काळी होते. चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळवलेला चालेल, राखाडी रंगवलेला उत्तम. कापड फरशीवर पुढेही आणा, नाहीतर चकचकीत टाइलमध्ये चाकांची प्रतिबिंबं दिसतात. आणखी स्वस्त हवं असेल तर जुन्या फ्लेक्सची पाठची बाजू, फक्त घडीच्या रेषा जात नाहीत.

खडखड

सगळं मांडलं. काठीने उभी राहिली! पण बॅटन लावले की फोटोत आडवे फिकट पट्टे येतात. आणि मागचं कापड धूसर व्हावं म्हणून पोर्ट्रेट मोड लावला तर स्पोक गायब!

दिवाबत्ती

घरची वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त बॅटन सेकंदाला 100 वेळा लुकलुकतं. शटर त्याहून वेगवान झालं की पट्टे दिसतात. प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर अडकवा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कमीत कमी. अंधार वाटला तर 1/25. सायकल कुठे पळून चालली आहे?

पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. तो कडा सॉफ्टवेअरने ओळखतो. स्पोक आणि ब्रेकच्या केबल त्याला मागच्या कापडाचाच भाग वाटतात. कापडावर सुरकुती नसेल तर धूसर करायची गरजच नाही.

उतारावरून

निळ्या नळीवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कापड जरा पांढरट झालं तरी चालेल.

पानापक्कड

विकायची आहे म्हणता, तर एकट्या सुंदर फोटोने गिऱ्हाईक येत नाही. हे वेगळे काढा: हँडलखालच्या नळीचे दोन्ही जोड, बॉटम ब्रॅकेटची (दोन क्रँकमधल्या नळीची) खालची बाजू, रिमची ब्रेक घासणारी पट्टी, टायरच्या कडेवरचं माप. ओरखडे लपवू नका. त्यांच्यावर उजेड बाजूने, जवळजवळ फ्रेमला घासून टाका, म्हणजे खोली दिसते. या सगळ्यांना वीतभर अंतरावरून 1 ची लेन्स, 0.5 चा मॅक्रो नको. तो इतका जवळ नेतो की फोनचीच सावली पडते.

आणि चेनवर स्टीलची पट्टी धरून एक फोटो. चेन ताणलेली हवी. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा, ती सोडून पुढच्या 24 पिना मोजा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. 12 वर 1/16 भरली तर बदलायला आली, 1/8 भरली तर मागच्या चकत्याही खाल्लेल्या असणार. पट्टीचे आकडे वाचता येतील इतका फोटो स्पष्ट हवा. त्यासाठी फोन हातात न धरता चेनसमोर विटेवर टेकवा आणि टायमर लावा.