मुलाला जन्मतःच दात कमी, इम्प्लांट (हाडात स्क्रूने बसवायचे दात) आत्ता करावं का?

वाळपईची आई
माझा मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. एक्टोडर्मल डिस्प्लेजिया आहे, म्हणजे दात, केस, घामाच्या ग्रंथी जन्मतःच नीट तयार होत नाहीत. पक्के दात मोजून ११, पुढचे दोन सुळ्यासारखे टोकदार. घाम जवळजवळ येतच नाही. मे महिन्यात ओला पंचा मानेवर टाकल्याशिवाय बाहेर पडत नाही. चार वर्षांचा असल्यापासून कवळी लावतो, तीनदा बदलली. यंदा चवथीला नेवरी खाताना ती निसटून ताटात पडली. कुणी हसलं नाही, पण तो पानावरून उठला. तेव्हापासून एकच, 'आई, स्क्रूचे दात बसव.' एका दवाखान्यात म्हणतात लगेच करू, दुसरीकडे म्हणतात थांबा. माझाही वरचा एक दात कधी आलाच नाही. हे एक्स गुणसूत्रावरून माझ्याकडूनच त्याच्याकडे गेलं, हे कळल्यापासून मला झोप नाही.

दंतवैद्य, फोंडा
ताई, थांबा. जबडा वाढताना नैसर्गिक दात हाडाबरोबर सरकतात. इम्प्लांट हाडाला चिकटतो, जागचा हलत नाही. आज नीट बसवलेला दात काही वर्षांत शेजारच्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर पुढच्या भागात लहानपणीही बसवतात, पण तुमच्या मुलाचं तसं नाही. मुलग्यांची वाढ विशी-एकविशीपर्यंत चालू शकते. नुसतं वय बघू नका. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले सेफॅलोमेट्रिक एक्स-रे (डोकं आणि जबड्याचे बाजूने काढलेले) जुळवून वाढ थांबल्याची खात्री करतात. टोकदार दातांना कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) आत्ताच आकार देता येईल. आणि दुधाचा एखादा दात उरला असेल तर सांभाळा, दात आहे तिथेच हाड टिकतं. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात सगळे विभाग एकाच ठिकाणी आहेत, तिथे दाखवा.

मडगावकर
काकी, मलाही हेच आहे. आता २६ चा आहे. एकविसाव्या वर्षी इम्प्लांट केले. हाड इतकं अरुंद होतं की आधी हाड भरलं, मग सहा महिने वाट पाहिली. पहिला पेरू चावला तो दिवस अजून आठवतो. जबडा वाढला की कवळी सैल होते, त्याची चूक नाही हे त्याला सांगा. माझी आईही स्वतःला दोष द्यायची. मला तिचा राग कधीच आला नाही. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करा.

वाळपईची आई
त्याला सगळं वाचून दाखवलं. 'मग तोवर कवळी तरी घट्ट करून दे,' म्हणाला. दुधाची एक दाढ अजून आहे, मी ती काढायला निघाले होते. सोमवारी बांबोळीला जातोय. मडगावकर, तो आज रात्री तुम्हाला मेसेज करील.