मदत हवी आहे: पर्लची स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते, ब्राउझरमध्ये ५०० एरर येते

नमस्कार मंडळी. मी सेलूची, जिल्हा परभणी. पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून दोनच महिने झालेत.

माझे वडील ११ वर्षांपासून शेतातल्या पर्जन्यमापकाची नोंद वहीत ठेवतात, रोज सकाळी साडेआठला. महसूल मंडळाचं सरकारी पर्जन्यमापक यंत्र आमच्या शिवारापासून लांब आहे. तिथं २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला तरच अतिवृष्टी धरतात. आमच्याकडं सोयाबीन पाण्यात उभं असतं अन् तिकडचा आकडा ४० असतो. म्हणून गावातले लोक वडिलांना फोन करून आकडे विचारतात. ही वही सगळ्यांना मोबाइलवर दिसावी म्हणून हे करायलेय.

जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स अन् पानं दाखवणारा वेब सर्व्हर अपाचे २.४. स्क्रिप्ट मावसभावाच्या विंडोज कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये लिहिली अन् पेनड्राइव्हनं आणली. आधी ‘सीजीआय मॉड्यूल सापडत नाही’ असं येत होतं (ब्राउझरसाठी स्क्रिप्ट लिहायला लागणारा पर्लचा तयार कोड). २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून ते सोबत येत नाही हे कळल्यावर वेगळं टाकलं. फाइलची परवानगी ७५५ आहे, म्हणजे बदलता फक्त मला येते, वाचता अन् चालवता सगळ्यांना. पानाच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या माहितीच्या ओळीनंतर, म्हणजे हेडरनंतर, रिकामी ओळही सोडलीय. टर्मिनलवर ‘पर्ल’ लिहून पुढं फाइलचं नाव दिलं की सगळं नीट छापतं, ब्राउझरमध्ये मात्र ५००. दोन दिवस झाले, चूक सापडंना.

प्रतिसाद १
७७७ देऊन बघा ताई, माझं तसंच सुटलं होतं.

प्रतिसाद २
७७७ नका देऊ. त्यानं फाइल कुणालाही बदलता येते, आणि काही सर्व्हर तर अशी स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतात. ५०० म्हणजे नुसतं ‘काहीतरी बिघडलं’. खरं कारण अपाचेच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुका नोंदवायच्या फाइलमध्ये असतं. पान रिफ्रेश करा आणि लॉगच्या शेवटच्या ओळी इथं टाका.

धागाकर्ती
दोन ओळी आहेत. एकीत स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता अन् ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. दुसरीत ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’. पण फाइल तर तिथंच आहे, मला दिसायलीय!

प्रतिसाद २
मग सापडलं. नोटपॅड प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं, न दिसणारं अक्षर ठेवतं. अपाचे स्क्रिप्ट थेट चालवायला जातं, तेव्हा लिनक्स पहिल्या ओळीत लिहिलेला प्रोग्राम शोधतं. त्याला ‘पर्ल’ असं नाव मिळतच नाही, ‘पर्ल’ अधिक ते अक्षर मिळतं, आणि त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर नाही. ‘सापडत नाही’ हे तुमच्या फाइलबद्दल नसून पर्लबद्दल आहे. टर्मिनलवर पर्लला तुम्ही स्वतः बोलावता, म्हणून तिथं अडत नाही.

खात्री करायची तर ‘कॅट’ला मोठ्या ‘ए’चा पर्याय लावून फाइल बघा. ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसेल. ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवा, जाईल. यापुढं लिनक्सवरच लिहा.

धागाकर्ती
एम दिसला, सगळ्या ओळींना! काढला अन् पान उघडलं. खूप खूप आभार दादा. आता अडचण अशी की फॉर्ममधून आकडा भरला तर साठत नाही, लॉगमध्ये ‘पर्मिशन डिनाइड’. अन् ‘अतिवृष्टी’ हा शब्द भलत्याच अक्षरांत दिसायलाय.

प्रतिसाद ३
ब्राउझरमधून येता तेव्हा स्क्रिप्ट तुमच्या नावानं चालत नाही, उबुंटूवर ती ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावानं चालते. सीजीआय-बिन या स्क्रिप्टच्या फोल्डरबाहेर आकड्यांसाठी एक फोल्डर करा, मालकी त्या युजरला द्या आणि स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहा. अक्षरांसाठी हेडरच्या ओळीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहा. आणि लिहिण्याआधी फाइलला ‘फ्लॉक’नं कुलूप लावा. घरातल्या दोघांनी एकदम आकडा भरला तर एकाची नोंद पुसली जाईल, ११ वर्षांची वही आहे ती.

धागाकर्ती
तिन्ही केलं. आज सकाळचे १८ मिमी वडिलांनी स्वतः भरले. मग वही घेऊन बसले अन् जूनपासूनचे आकडे एकेक करून ताडले. एका दिवशी मी ७२ चे २७ केले होते, तेवढं दुरुस्त केलं.