सरकारी टेंडर: स्वस्त कोण, यापेक्षा पैसे कधी?

अंबडचा पॅनेलवाला
31 ऑक्टोबर 2026 ला नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे, त्यामुळे अंबड-सातपूरच्या टपऱ्यांवर सध्या टेंडरशिवाय दुसरा विषय नाही. जो तो एल-वनला शिव्या घालतोय. सर्वात कमी दर भरणाऱ्याला काम दिलं की रद्दी माल येतो, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. मला ते अर्धंच पटतं. खरं दुखणं बिलाला तारीख नसण्याचं आहे.

हिशोब करा. 10 लाखांचा माल दिला, सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवर, 12 टक्के व्याज. बिल 9 महिने अडकलं की 90 हजार गेले. मार्जिन तरी तेवढं असतं का? मग टेंडर भरायला दोनच जातीचे लोक उरतात. एक हे व्याज आधीच दरात चढवतो, दुसरा ते मालातून काढतो. विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याच्या बसबारऐवजी (वीज वाहून नेणारी पट्टी) ॲल्युमिनियम टाकतो, वरून स्लीव्ह चढवतो, इन्स्पेक्शनला कोण स्लीव्ह कापून बघतंय? बाकीचे शहाणे फॉर्मच भरत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. पैसे कोणत्या लेखाशीर्षातून (बजेटमधल्या कोणत्या खात्यातून) आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, ते वर्क ऑर्डरवरच छापा. उशीर झाला तर व्याज अर्ज न मागता बिलात चढवा.

निवृत्त लेखाधिकारी, नाशिकरोड
साहेब, आम्ही त्या खुर्चीत आयुष्य काढलं, म्हणून बोलतो. बिलं कुणी हौसेने अडवत नाही. बीडीएसवर (सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) निधीच दिसत नसेल तर कारकून काय खिशातून देणार? आणि व्याज आपोआप चढवा म्हणता, ते जनतेच्याच पैशातून ना? उद्या ऑडिटवाला आक्षेप घेईल आणि वसुली निघेल सही करणाऱ्यावर.

शिवाय कायदा आहेच की. 2006 चा लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा: लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा. तुम्ही लोक जात नाही, आणि मग इथे लिहिता.

अंबडचा पॅनेलवाला
काका, कौन्सिलचा निकाल लागला की त्याला आव्हान द्यायला कार्यालयाला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, हेही मला माहीत आहे. कायदा दणकट आहे. पण ज्याच्यावर दावा ठोकला त्याचंच पुढचं टेंडर भरायचं असतं हो! तुमच्या खात्याचं नाव घेत नाही, पण एका कार्यालयाने माझी फाइल परत पाठवली होती. शेरा काय, तर ‘चलनावरील गोल शिक्का अस्पष्ट’. शिक्का त्यांचाच, पॅडमधली शाई संपलेली त्यांचीच.

रस्तेवाला
पॅनेलदादा, तुम्ही माल पुरवता म्हणून तुम्हाला निदान तो कायदा तरी आहे. आम्ही बांधकामवाले. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. 2025 मध्ये राज्यभर थकीत बिलांसाठी कंत्राटदारांनी आंदोलनं केली, ती उगाच नाहीत.

गंगापूर रोडची करदाती
आंदोलनं केली, मान्य. पण अंदाजपत्रकाच्या 25-30 टक्के खाली दर भरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? जादा अनामत भरावी लागते, तरी तुम्ही खाली जाता. मग पहिल्याच पावसात खडी वर. बिल वेळेवर दिलं असतं तर डांबर जास्त घातलं असतं का, खरं सांगा. मला तर वाटतं दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यावेत.

निवृत्त लेखाधिकारी, नाशिकरोड
ताई, ती सोय केंद्रात झाली आहे. ऑक्टोबर 2021 च्या अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनुसार निवडक कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के भार देता येतो. पण गुण देणार कोण? समिती. आणि समितीत कोण बसतं ते नाशिकमध्ये नवीन सांगायला नको. एल-वन मठ्ठ आहे, पण त्याला फोन करून वशिला लावता येत नाही.

अंबडचा पॅनेलवाला
या एका मुद्द्यावर मी काकांच्या बाजूने.

जेम-विक्रेती, सातपूर
सगळे 45 दिवस 45 दिवस करताय, पण मोजायचे कधीपासून? तिथेच गोम आहे. आम्ही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर लॅबचं सामान विकतो. माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघालं की 10 दिवसांत पैसे, असं कागदावर आहे. पण ते प्रमाणपत्रच कुणी काढत नाही. खोकी स्टोअरमध्ये, सीलसकट. विचारलं की ‘मॅडम रजेवर आहेत’.

एमएसएमई कायद्यात याचं उत्तर आहे, कुणी वाचत नाही. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. म्हणून आमचा मुलगा गेटवरच आवक क्रमांक आणि तारीख घेतो, खोक्यासकट फोटो काढतो. पॅनेलवाल्या दादांनी मागणीत एवढं घालावं: तारीख गेटपासून मोजा.

आणि बिलं विकून आगाऊ पैसे मिळवायच्या ट्रेड्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं काय? केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना त्या प्लॅटफॉर्मवर यावंच लागतं. म्हणजे ओझरच्या एचएएलचं किंवा नोटप्रेसचं मान्य झालेलं बिल तिथे बँकेला विकून पैसे उचलायचा रस्ता निदान आहे. महापालिका, जिल्हा परिषदांना तशी सक्ती का नाही?

निवृत्त लेखाधिकारी, नाशिकरोड
ट्रेड्सला बिल आधी मान्य करावं लागतं. मान्य केलं की देणं कबूल झालं. म्हणूनच कुणी येणार नाही.
आणि वर्क ऑर्डरवर निधीचं शीर्ष व तारीख छापायची ठरवली, तर निम्म्या ऑर्डरी निघणारच नाहीत. निधी मार्चमध्ये येतो, काम जूनमध्ये हवं असतं.

अंबडचा पॅनेलवाला
मग नकोत निघायला.

गंगापूर रोडची करदाती
वा! आणि पर्वणीला घाटावर दिवे कोण लावणार?

अंबडचा पॅनेलवाला
ताई, पर्वण्यांच्या तारखा कधीच्या जाहीर झाल्यात. पूर अचानक येतो, कुंभ येत नाही. त्या दिव्यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवता येतात. ते न करता शेवटी अल्पमुदतीची निविदा काढली, की सात दिवसांत फॉर्म भरू शकणारे तेच ते चार-पाच जण. दर मग तेच ठरवतात. उधारीवर दिवे लागतील, नाही असं नाही. फक्त माझ्या पॅनेलमधून लागणार नाहीत.