नाक आणि वरचा ओठ यांच्यामधल्या खाचेला काय म्हणावं?

प्रश्न : नाकाच्या बुडापासून वरच्या ओठापर्यंत जी उथळ उभी खाच उतरते, तिला मराठी शब्द आहे का? एका भाषांतरात मी 'नाकाखालची खाच' लिहिलं, तर वाचणाऱ्याला ती जखम वाटली.

उत्तर : बोलण्यात रुळलेला शब्द माझ्या कानावर तरी आलेला नाही. हनुवटी, कानशील, जिवणी, टाळू यांना नावं आहेत, ओठावर फुटणाऱ्या कोवळ्या केसांनाही 'मिसरूड' आहे. ही जागा तेवढी बिननावाची राहिली. डॉक्टर फिल्ट्रम म्हणतात. तो मूळ ग्रीक शब्द, अर्थ चक्क वशीकरणाचं औषध!
'खाच' नकोच, ती कोरून पाडलेली वाटते. गालावरची 'खळी' चहूबाजूंनी बंद असते. इथे करंगळीचं टोक ठेवून पाहा : दोन्हीकडे हलका उंचवटा, मधे उतार, आणि खाली ओठाच्या कमानीत मोकळं तोंड. ही सरळसरळ पन्हळ आहे.

दुसरं मत : पन्हळीतून काहीतरी वाहायला हवं ना! सर्दी झालेल्या पोराकडे बघा. शेंबूड दोन्ही नाकपुड्यांखालून, उंचवट्यांच्या बाहेरच्या अंगाने उतरतो. मधली जागा बहुधा कोरडी. कुणी 'ओष्ठखात' सुचवेल, पण घाईत वाचणारा 'ओठ खात' वाचून पुढे जाईल. शेतातली जोडी घ्या की, सरी आणि वरंबा. दोन वरंब्यांमधली ती सरी.

पुन्हा उत्तर : वरंबा झकास! 'सरी' म्हटलं की मात्र आधी पाऊस आठवतो, म्हणून 'ओठावरची सरी' असं पुरतं लिहावं लागेल. वाक्यात घालून बघू. जन्मतः दुभंगलेल्या ओठाची फट सहसा सरीत नसते, वरंब्याच्या रेषेवर असते, कारण गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास चेहऱ्याचे वेगवेगळे भाग तिथे जुळतात. ते जुळणं अर्धवट राहिलं की फट पडते. आईच्या दारू पिण्याचा गर्भावर परिणाम झालेल्या काही मुलांत सरी जवळजवळ सपाट असते. दोन्हीकडे शब्द नीट बसतोय. 'पन्हळ सपाट असते' हे मात्र मलाच खटकलं. माझी पन्हळ मागे घेतो.

प्रश्नकर्ता : पहिल्यांदा 'नाक आणि ओठ यांच्यामधली सरी' लिहितो, पुढे नुसती 'सरी'. कुत्र्याच्या नाकाखाली असते तिला मात्र चीरच म्हणेन. फारच अरुंद असते ती, तिथे वरंबे कुठले!