जवाद सलीम : अनुकरणापलीकडे

जवाद सलीम यांची चित्रे म्हणजे पिकासोचे अनुकरण, असे काहीजण म्हणतात; हे मत मला पटत नाही. पॅरिस, रोम आणि लंडन येथे शिकलेल्या या इराकी कलावंताने बगदादच्या पुरातत्त्व खात्यातही काम केले होते, त्यामुळे सुमेरियन व असिरियन शिल्पे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती. तेराव्या शतकातील इराकी चित्रकार अल-वासितीची हस्तलिखितांतील लघुचित्रे त्यांना आपला खरा वारसा वाटत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘बगदाद आधुनिक कला गटा’ची भूमिकाही तीच होती. सलीम यांच्या चित्रांतील चंद्रकोरीसारखे आकार मला फार प्रिय आहेत. बगदादमधील त्यांच्या ‘स्वातंत्र्य स्मारका’वरील चौदा कांस्यशिल्पसमूह तर अरबी ओळीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, आणि ते पूर्ण उभे राहिलेले पाहण्याआधीच, १९६१ मध्ये, सलीम गेले.