मदत हवी आहे: बल्गेरियातल्या वेलिको टर्नोव्होत ज्येष्ठांसोबत दोन दिवस

सोफियाहून अंतर साधारण 220 किमी. रेल्वेने गेलं तर बहुतेक गाड्यांना गोर्ना ओर्याहोवित्साला उतरून बदलावं लागतं. पहिली लेट झाली की पुढची गेलीच. म्हणून सोफिया स्टेशनला लागून असलेल्या स्टँडवरून थेट बस, सुमारे तीन तास, असं ठरतंय. बरोबर ना?

खरी अडचण मुक्कामाची. यांत्रा नदीच्या कड्यावरची गुर्को गल्ली फोटोत देखणी दिसते, पण सगळी दगडी फरसबंदी आणि उतार. चाकांची बॅग तिथे आदळत आपटत जाणार. टॅक्सी दारापर्यंत जाते का, की वरच्या रस्त्यावरच उतरवतात?

त्सारेव्हेत्सचा किल्ला (1185 ते 1393 या काळातली बल्गेरियाची राजधानी) टाळायचा नाहीये. टोकावरच्या चर्चपर्यंत गुडघेदुखीवाल्यांना चढवेल का? पाऊस पडला की ते गुळगुळीत दगड निसरडे होतात, याचीच जास्त धास्ती. किल्ल्यावरचा लाइट शो रोज नसतो. तारीख आधी कुठे कळते?

जेवणात शोप्स्का सॅलड (टोमॅटो, काकडी, वर किसलेलं चीज), तारातोर (आपली काकडीची कोशिंबीर पातळ केल्यासारखं) चालेल. बॉब चोर्बा (घेवड्याच्या दाण्यांचं सूप) मागताना मांस नको हे कसं सांगायचं? तिथे 'नाही'ला मान आपल्या 'हो'सारखी हलते, म्हणून विचारलं.