बाबांचे अक्षर यंत्राने लिहावे का?

सांजवात (प्रश्न)
माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. पार्किन्सनमुळे त्यांचे अक्षर बारीक होत गेले असून ओळीच्या शेवटी ते अगदी मुंगीएवढे होते. त्यांच्या जुन्या वह्यांमधली वळणे घेऊन खऱ्या पेनने कागदावर लिहिणारे यंत्र माझ्या भावाने जुळवले आहे. बाबा सांगतात, ते लिहिते. मात्र परवा पत्र मिळताच भाचीने आनंदाने फोन केला, "आजोबांचा हात बरा झाला ना?" तेव्हापासून ही फसवणूक तर नव्हे, अशी रुखरुख लागली आहे.

टाकदौत
मजकूर त्यांचा आहे, त्यामुळे पत्र त्यांचेच. पूर्वी लिहिता न येणारी माणसे दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतच असत. पण अक्षर परके असल्याने वाचणाऱ्याला ते आपोआप कळे. यंत्राने नेमकी तीच खूण पुसली जाते, म्हणून भाचीला खरे सांगावे. २००४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या, युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या घरी गेलेल्या सांत्वनपत्रांवर यंत्राने सह्या केल्याचे उघड झाले, तेव्हा त्या कुटुंबांना लागले ते हेच, की मंत्र्यांनी प्रत्येक पत्रासाठी हातात पेन धरण्याइतकाही वेळ दिला नव्हता. तुमच्या बाबांचे तसे नाही.

बोरू
तांत्रिक भर घालतो. प्रत्येक 'क' तंतोतंत सारखा आला की लेखन छापील दिसते, म्हणून एकेका अक्षराचे पाचसहा नमुने ठेवावेत. जोडाक्षरे तर वेगळीच गोळा करावी लागतात. शिरोरेषा बाबा शब्द पूर्ण झाल्यावर ओढत की अक्षरागणिक, हेही पाहावे.

साक्षांकित
सही मात्र यंत्राला कदापि शिकवू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर सहीऐवजी खूण चालते, किंवा मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या व्यक्तीला सही करता येते. शिवाय किमान दोन साक्षीदार लागतात. कायद्यात सोय असताना हुबेहूब सही करणारे यंत्र घरात ठेवणे म्हणजे उद्याच्या भाऊबंदकीला आमंत्रण आहे. वळणांची ती फाइल कोणाच्या ताब्यात राहील आणि बाबांच्या पश्चात तिचे काय करायचे, हे आजच त्यांना विचारून लिहून ठेवा.

सांजवात
बाबांना विचारले. फाइल त्यांच्यामागे पुसून टाकायची आहे. पत्र यंत्राने लिहावे, परंतु शेवटचे 'तुझे आजोबा' ते स्वतः लिहिणार. काल त्या दोन शब्दांना चार मिनिटे लागली आणि 'बा' समासात गेला.